भाड्याच्या खोलीची घरभरणी

मी एकदा ठरवलं ना, की ठरवलं! मग आडवा समुद्र येवो, डोंगर येवो, नाहीतर आमचे बाबा येवोत. या तिघांत बाबा सगळ्यात अवघड, हे आधीच सांगून ठेवते.

माझं वय सव्वीस. दोन दिवाळी अंकांत माझ्या कथा आल्यात. तिसऱ्या अंकाने कथा परतही पाठवली नाही आणि छापलीही नाही, नुसतीच ठेवून घेतली. म्हणजे लेखिकाच की मी! अशा लेखिकेने पेणजवळच्या गावात वडिलांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसून बिल्ट्या लिहाव्यात? माल काय, कुठून निघाला, कुठे चालला, ट्रकचा नंबर काय, ड्रायव्हर कोण. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच! आजोबा मिठागरात राबले, बाबांनी एका ट्रकचे अकरा केले, आणि आता 'अंबाजी रोडलाइन्स'मधली गोल फिरणारी खुर्ची माझी वाट बघत होती. मी जाहीर केलं, "मी दिवेआगरला खोली घेणार, एकटी राहणार आणि कादंबरी लिहिणार!"

आई रडली. बाबा रडले नाहीत, भांडलेही नाहीत. त्यांनी फक्त एक अट घातली, आणि बाबांची अट म्हणजे घाटातल्या वळणावर समोरून आलेला ट्रेलर.

"जा पोरी," बाबा म्हणाले. "पन होळीच्या आधी आमी जेवाला येनार. तुझ्या हातचं. आल्या मानसाला पोटभर भेटलं पायजे, जेवन कमी न्हाय पडलं पायजे. तेवढं जमलं तर तू मोठी झालीस, खुशाल रहा तिकडं. न्हाय जमलं, तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात. कबूल?"

"कबूल!" मी म्हटलं. तेव्हा मला फक्त चहा येत होता, आणि एका माणसाची खिचडी.

खोली मिळाली गोदूमावशींच्या वाडीत. मावशी साठीच्या, एकट्या, पुढच्या घरात पर्यटकांना ठेवतात. वादळात त्यांच्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, त्या जागी लावलेली रोपं आता कुठे माझ्या खांद्याला लागतात. मागे विहिरीपाशी एक खोली, पत्रा नवा, भिंती जुन्या. मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "अगो, दोन गोष्टी. वाडीत मासमच्छी शिजवायची नाही. आणि ही वाडी माझी न् माझ्या दिराची, नामाभावजींची, सामाईक आहे. वाटण्या झालेल्या नाहीत. ते बोर्लीला असतात, पण इकडे नारळ पडला तरी त्यांना तिकडे ऐकू येतं. तेव्हा जरा गुपचूप राहा हो."

मी गुपचूप राहिले. पहिल्या आठवड्यात दूध तीनदा उतू गेलं. पांढऱ्या कपड्यांत एक लाल ओढणी गेली आणि माझं सगळं आयुष्य गुलाबी झालं. पण मी हटले नाही! महिनाभर मावशींच्या मागे लागून तांदळाची भाकरी शिकले. पहिल्या भाकरीला मावशींची गाय हुंगून परत गेली. विसावी तिने खाल्ली. कादंबरीचं म्हणाल तर पहिलं वाक्य पक्कं झालं होतं.

आता बाबांना जेवायला बोलवायचं होतं. साधा फोन केला असता तर आज हे लिहायची वेळच आली नसती. पण लेखिका ना मी! मोबाइलवर झकास आमंत्रणपत्रिका बनवली. वर गणपती, दोन बाजूंना दोन माड, आणि मध्ये मजकूर: 'आमचे येथे श्रीकृपेकरून मी माझ्या नव्या घरी स्थिरावले आहे. तरी येत्या रविवारी आपण सहकुटुंब सहपरिवार भोजनास येऊन या घराची शोभा वाढवावी.' गंमत म्हणून हो! बाबा वाचतील, हसतील, आईला दाखवतील, दोघं येतील. फार तर आत्या आणि चुलतभाऊ परेश. चार माणसं. चार माणसांसाठी मी अर्धा किलो वाल भिजत घातले, मोड आणले आणि शनिवारभर बसून सोलले.

रविवारी सकाळी साडेनऊला माझ्या आठ भाकऱ्या भाजून टोपलीत झाकलेल्या होत्या. आठच्या आठ गोल! मी त्यांचे फोटो काढत होते, तेवढ्यात परेशचा व्हिडिओ कॉल आला.

"भावी, आमी आगरदांड्याला आयलो गो! फेरीला लाइन हाय."

"किती जण आहात?"

"थांब, दाखवतंय."

त्याने फोन फिरवला. आधी आई दिसली, नऊवारी, नाकात नथ. मग कमळआत्या. मग शेजारचे काका, त्यांच्या मागे त्यांचे व्याही. मग एक मिनी बस. मग दुसरी मिनी बस. मग आमचा टेम्पो, त्यात बेंजोवाले, आणि बेंजोवाल्यांच्या मध्ये दोरीने बांधलेला एक उभा फ्रिज!

"परेश! हे काय आहे?"

"घरभरनी हाय ना तुझी! अख्खी भावकी हाय. बासष्ट मानसं. एका फेरीत न्हाय मावायची, मंग दोन फेऱ्या करू."

"कुणी सांगितलं घरभरणी?"

"तूच की! सहकुटुंब सहपरिवार लिवलंस. तुझ्या बाबांकडं चष्मा न्हवता, मना बोल्ले वाचून दाखव. मी वाचलं न् भावकीच्या ग्रुपवर टाकलं. बिनलग्नाची पोरगी सोताचं घर घेते, छाती फुगली ना समद्यांची!"

आता हे तुम्हाला अतिशयोक्ती वाटत असेल, तर तुम्हाला आमच्या आगरी लोकांची कल्पना नाही. आमच्यात 'सहकुटुंब सहपरिवार' हे कुणी गंमत म्हणून लिहीत नाही. ज्याने लिहिलं, त्याने मांडव घातला असं धरतात. आणि भाड्याच्या खोलीत जेवायला पत्रिका छापून बोलावणं आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही. पत्रिका आली, घर आलं, भोजन आलं. मग ती घरभरणीच!

फोनमध्ये बाबांचा चेहरा आला. नवा पांढरा सदरा, डोळे भरलेले. बाबांचे डोळे मी आयुष्यात दोनदा ओले बघितलेत, त्यातलं एकदा डिझेल उडालं होतं.

"पोरी, बोल्ली न्हाईस काय? आमाला चकित कराचं व्हतं ना?"

मी तोंड उघडलं. 'बाबा, खोली भाड्याची आहे,' एवढं वाक्य. पण मागे बेंजो सुरू झाला, फेरी लागली आणि फोन बंद पडला. खरं सांगते, फोन बंद पडला नसता तरी मला ते म्हणता आलं नसतं. ते डोळे बघून माझा धीरच झाला नाही.

मी धावत मावशींकडे गेले. "मावशी! चार नाहीत, बासष्ट येतायत! एकालाही जेवण कमी पडलं तर उद्या मी ऑफिसात!"

मावशी खोबरं किसत होत्या. त्यांनी किसणी खाली ठेवली. "तुला येतं काय काय?"

"आठ भाकऱ्या झाल्यात. आणि खिचडी येते. एका माणसाची."

"मग साठ वेळा कर!" मावशी उठल्या. "तांदूळ माझ्याकडे आहेत. तुझे वाल त्यात टाकू, वालाची खिचडी होईल. पातेलं तेवढं आण. देवळात गावाची भांडी आहेत, चावी विठोबाकडे. पळ!"

विठोबाकाका म्हणजे गावाच्या भांड्यांचे राखणदार. लग्न, पूजा, बारसं असेल तरच भांडं बाहेर, नाहीतर नाही. काका वही उघडून बसले.

"कार्य कसलं?"

"कार्य नाही हो काका, जेवायला माणसं येतायत."

"किती?"

"चार... म्हणजे बासष्ट."

"बासष्ट माणसं जेवतात आणि कार्य नाही? कार्याशिवाय भांडं निघत नाही. गावाचा नियम आहे."

घड्याळात दहा वाजून गेले होते. फेरी खाडीच्या मध्यावर आली असणार. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "घरभरणी!"

"कुणाची?"

"माझी. गोदूमावशींच्या वाडीत."

काकांनी माझ्याकडे बघितलं, वहीत लिहिलं, चावी काढली. पातेलं असं, की त्यात मी बसून आंघोळ केली असती. ते रिक्षाच्या टपावर बांधून मी निघाले. मागे वळून बघितलं तर काका फोन लावत होते. लावू देत म्हटलं, आपल्याला काय त्याचं!

वाडीत तीन चिऱ्यांची चूल मांडली. मावशींनी नारळाची सोडणं पेटवली. त्या वाळक्या सालींचा जाळ भडभड वर आला आणि मी तांदूळ धुवायला घेतले. एका माणसाला एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, हे मला पाठ होतं. साठ वाट्या मोजल्या. एकशे वीस वाट्या पाणी मोजताना सत्तराव्या वाटीला पर्यटक विचारायला आले, बीच कुठे आहे, आणि मी परत एकपासून सुरुवात केली. मिठाला मात्र हात थांबला. मी मिठागरवाल्याची नात, आणि मला कळेना की साठ माणसांना मीठ किती! एका माणसाला एक चमचा, म्हणून साठ चमचे घ्यायला लागले. अकराव्याला मावशींनी मनगट धरलं.

"बस! मारतेस की काय त्यांना?"

आणि माझे ते अर्धा किलो वाल! पातेल्यात पडले आणि दिसेनासे झाले. माणशी चार आले तरी नशीब.

बारा वाजता वाजतगाजत बसगाड्या आल्या. वाडीच्या तोंडाशी माणसं उतरली, आणि बघता बघता अंगण भरलं. तांब्याचा हंडा, पितळी कळशी, साड्या, तांदळाची गोण, फ्रिज. आई मला पोटाशी धरून रडायला लागली. मी म्हटलं, "आई, ऐक ना, हे घर..." तर आई म्हणाली, "लहान हाय, पन सोताचं हाय!" आणि आणखी रडली. कमळआत्या आमच्याकडच्या प्रत्येक कार्यात गाणी म्हणते, तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. तिने माझ्या डोक्यावर भरलेला कलश ठेवला आणि भावीच्या दारी माड डुलतो, भावीची विहीर भरून वाहते, असं गाणं जागच्या जागी जुळवून सुरू केलं. विहीर मावशींची, माड मावशींचे, दार मावशींचं! मावशी खांबाला टेकून घाम पुसत होत्या.

मी उंबऱ्यापाशी पोचले, आणि वाडीत चार मोटरसायकली घुसल्या. त्यावर आठ माणसं. पुढच्यावर एक उंच, मिशाळ गृहस्थ, हातात सातबाराचा उतारा.

"वहिनी!" ते ओरडले. "वाडी विकलीत? आणि मला कळवलंदेखील नाही?"

बेंजो थांबला. विठोबाकाकांनी कुणाला फोन लावला होता, ते मला तेव्हा कळलं.

"भावजी," मावशी म्हणाल्या, "आधी चपला काढा, कलश आहे."

"कलश कसला! सामाईक जमिनीत परकं माणूस घरभरणी करतंय! उद्या ताबा सांगतील! कोण आहे मालक? पुढे या!"

बाबा पुढे झाले. "मी धर्मा. पोरीनं घर घेतलंय. रीतसर घेतलंय. काय गो भावी? कागद दाखव यांना."

सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. डोक्यावर कलश, मान हलवायची सोय नाही. वाटलं, कलशासकट विहिरीत उडी मारावी. पण मावशींचा चेहरा बघितला. माझ्या दोन ओळींच्या मिजाशीपायी त्या बाईवर चोरून वाडी विकल्याचा आळ आला होता.

"कागद नाही," मी म्हणाले. "घर घेतलं नाही. खोली भाड्याची आहे. मावशींनी काही विकलं नाही. पत्रिका मी गमतीत लिहिली. चूक माझी आहे."

कमळआत्या म्हणाली, "मंग या फ्रिजाचं काय कराचं?"

"भाड्याची?" बाबांचा आवाज बारीक झाला. तो ऐकून मला रडूच फुटलं, पण मी ठरवलं होतं ना!

"व्हय, भाड्याची!" मी माझ्या घरच्या बोलीत ओरडले. "पन भाडं मी भरतंय, बाबा! शिकवण्या घेतंय, आठ पोरं येतात माझ्याकडं. दूध मी तापवतंय, सिलिंडर मी लावतंय, विंचू निघाला तो पन मीच मारलाय. बासष्ट मानसांचं जेवन चुलीवर हाय, ते पन मीच केलंय. मना ऑफिसात न्यायचं तर जेवून मंग न्या!"

नामाभावजींनी उतारा घडी करून खिशात ठेवला. ते जरा ओशाळले होते. "भाड्याच्या खोलीची घरभरणी? आमच्याकडे अशी रीत नाही."

"आमच्याकडं पन न्हाय!" कमळआत्या कडाडली. "पन कलश भरलाय, तो काय ओतून देऊ? मालक कोन, तुमी ना? मंग नारल तुमी फोडा!"

नामाभावजींनी चपला काढल्या आणि मुकाट्याने नारळ फोडला. माझ्या भाड्याच्या खोलीची घरभरणी घरमालकाच्या हस्ते पार पडली.

मग पंगत. खरी परीक्षा ही! बासष्ट माणसं होतीच, वर भर नामाभावजींसकट आठ जणांची, मावशींची, आणि बेंजोवाल्यांची, जे परेशने मोजलेच नव्हते. पहिलं वाढप झालं आणि अंगणात कुजबुज झाली.

"मटन मागून येतंय वाटतं?"

"मटण नाही," मी म्हणाले. "वाडीत चालत नाही."

घरभरणीला मटण नाही! एक काका तर सुकलेल्या देठासारखे वाकले. पण भूक लागली होती, खिचडीवर मावशींचं खोबरं आणि तूप होतं, आणि खाली सोडणांच्या धुराचा वास मुरला होता. पहिला घास गेला, दुसरा गेला. मग कुणीतरी म्हणालं, "माझ्या पानात तीन वाल, याच्या पानात पाच कसे?" आणि मला कळलं की आता खिचडी खपणार. आणखी मागायला लागले! मी वाढत होते, पातेल्यात डोकावत होते, पुन्हा वाढत होते. अर्धं. पाव. मग तळ दिसायला लागला. नामाभावजींनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. मी तळाची लागलेली खरवड खरवडली, तर तिच्यासाठी दोन काकांची बाचाबाची झाली. शेवटचा घास एका बेंजोवाल्याच्या ताटात पडला आणि पातेलं रिकामं झालं.

तेवढ्यात आई म्हणाली, "अगो, तुझे बाबा कुठं जेवले?"

बाबा पहिल्यापासून पाणी वाढत होते. रिकामं ताट हातात घेऊन ते पातेल्यापाशी उभे राहिले. आत बघितलं. माझ्याकडे बघितलं. एका माणसाचं जेवण कमी पडलं होतं, आणि तो माणूस नेमका अट घालणारा!

मी खोलीत पळाले. सकाळच्या आठ भाकऱ्या टोपलीत तशाच होत्या. गार, कडक. दोन काढल्या, लिंबाचं लोणचं घेतलं, चटणी घेतली आणि बाबांपुढे पाट मांडला. बाबांनी भाकरी मोडली. मोडताना आवाज आला. ते चावायला लागले. चावतायत, चावतायत.

"कोनी केली?"

"मी."

"गोल हाय," बाबा म्हणाले. दुसरी भाकरी घेतली, तीही संपवली. मग हात धुतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जेवन कमी न्हाय पडलं! पोरगी जिंकली. ती आता ऑफिसात येनार न्हाय. धर्माचा शब्द हाय."

मी बाबांच्या गळ्यात पडले आणि ढसाढसा रडले. आजवर इतकी खूश मी कधीच झाले नव्हते. फ्रिज परत न्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून तोही राहिला. निघेपर्यंत बाबा आणि नामाभावजी विहिरीच्या कठड्यावर बसून जवळच्या दिघी बंदराच्या, ट्रकांच्या आणि रस्त्याच्या गप्पा मारत होते. मला वाटलं, बरं झालं, ओळख झाली.

पंधरा दिवसांनी मी कादंबरीचं दुसरं वाक्य लिहीत होते, तर वाडीत आमचा टेम्पो आला. त्यातून टेबल उतरलं. प्रिंटर उतरला. बिल्ट्यांचे गठ्ठे उतरले. गोल फिरणारी खुर्ची उतरली! आणि मागून नामाभावजी एक फलक घेऊन आले: 'अंबाजी रोडलाइन्स, शाखा दिघी बंदर. स्थानिक भागीदार: नामाशेठ.'

मी बाबांना फोन लावला. "बाबा! शब्द दिला होतात! मी ऑफिसात येणार नाही!"

"मंग तू कुटं आलीस?" बाबा शांतपणे म्हणाले. "ऑफिस तुझ्याकडं आयलाय. आनि भाडं आता कंपनी भरल. बरं ऐक, रविवारी उद्घाटन हाय. तू लेखिका ना? आमंत्रण तूच लिव."

मी शहाणी झाले होते. गणपती नाही, माड नाही, सहकुटुंब नाही, सहपरिवार तर नाहीच. एकच ओळ लिहिली: 'रविवारी ऑफिस उघडत आहे.' 'या' असंसुद्धा लिहिलं नाही.

दीडशे माणसं आली. विठोबाकाकांनी न विचारता दोन पातेली काढून दिली. आणि हो, खिचडी मीच केली.